सरपंचाच्या मापाचा हंडा

शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्टाफरूममधल्या एका खुर्चीचे चारही पाय करवतीनं कापले.

मी तास संपवून आले तर ड्रॉइंगच्या नव्या मॅडम फरशीवर मांडी घालून बसलेल्या. खुर्ची उलटी, साडीवर लाकडाचा भुसा, गळ्यात शिंप्याची टेप. कापून झाल्यावर त्यांनी पायांच्या कडा कानशीनं घासल्या, खुर्ची सरळ केली, स्वतः बसून पाहिली आणि मला म्हणाल्या, "तू बस."

मी बसले. माझी पावलं जमिनीला टेकली. इतकी वर्षं मी त्या खुर्च्यांवर पाय लोंबकळत ठेवून वह्या तपासत होते, आणि माझी पाठ का दुखते म्हणून डॉक्टरला विचारत होते.

हेडसर आले. ते तसे सभ्य गृहस्थ, पण शाळेतली एखादी वस्तू जागची हलली की त्यांना धाप लागायची. म्हणाले, "मॅडम, ही शाळेची मालमत्ता आहे."

"हाव," मॅडम म्हणाल्या. "अन् मी कोनाची आहो?"

हेडसरांना हे कळलं नाही. त्यांनी मेमो दिला. मॅडमनी तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर उरलेल्या खुर्च्यांचं चित्र काढलं, मापांसकट, आणि हेडसरांच्या टेबलावर ठेवलं.

आमचं गाव वरवट बकालच्या पुढं, आतल्या रस्त्याला. मी तिथं मराठी शिकवते. मॅडम मेहकरच्या, वडील कचेरीत कारकून, स्वतः अमरावतीहून चित्रकला शिक्षकाची पदविका, ए.टी.डी., केलेल्या. आल्या तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. बोलताना शुद्ध मराठीत सुरुवात करायच्या आणि राग आला की वऱ्हाडीवर यायच्या. म्हणजे दुसऱ्या वाक्यापासून वऱ्हाडीच.

राग त्यांना वस्तूंचा यायचा. माणसांचा नंतर. बँकेतल्या काउंटरची उंची, एसटीची पहिली पायरी, दवाखान्यातलं ते टेबल ज्यावर बाळंतीण बाईला स्वतःच चढावं लागतं, हे पाहून त्या उभ्या राहायच्या, टेप काढायच्या आणि तिथल्या माणसाला विचारायच्या, "हे कोनाच्या मापानं केलं?" तो माणूस गोंधळायचा. कोणाच्याच नाही, असंच येतं. "असंच येत नाही," मॅडम म्हणायच्या. "कोनीतरी बसून ठरवते. तो कोन होता, थे मले सांगा."

वर्गातही तेच. मुलांनी पहिल्या तासाला नेहमीचं चित्र काढलं, नदी, झोपडी, नारळाचं झाड. मॅडमनी विचारलं, नारळाचं झाड कोणी पाहिलं? कोणीच नाही. "मंग काऊन काढलं? उद्या घराच्या दाराची कडी काढून आना. नाहीतर मायचा विळा काढा. मूठ किती जाड, कुठं झिजली, सगळं." मुलं वैतागली. पालक म्हणाले, पोराला परीक्षेत निसर्गचित्र येईल, विळा येणार नाही. मॅडमनी ऐकलं नाही.

पण त्या चित्रांमधूनच एक गोष्ट बाहेर आली. आठवीतल्या एका मुलीनं शाळेतल्या मुलींच्या संडासाचं दार काढलं. नीट काढलं होतं, कडीचे स्क्रूसुद्धा. मॅडमनी ते पाहिलं आणि विचारलं, "कडी भायेरून काऊन काढली? आतली कुठं गेली?" मुलगी म्हणाली, आत नाहीच. मुली एकमेकींना बाहेर उभं करून जातात.

आम्ही चौकशी केली. बांधकाम करणारा म्हणाला, बाहेरून कडी लावली कारण आत कुत्री शिरतात.

मॅडम स्टाफरूममध्ये आल्या आणि गळ्यातली टेप टेबलावर आपटली. "दार बसवनाऱ्याले कुत्रं आठोलं," त्या म्हणाल्या. "पोरगी नाही आठोली." त्याच दुपारी त्यांनी स्वतः ती बाहेरची कडी उपटली आणि आतून नवी लावली, मुलींचा हात सहज पोचेल अशी. उपटलेली कडी मात्र त्यांनी हेडसरांच्या केबिनला लावली. बाहेरून. ती त्यांनी कधी ओढली नाही, पण त्या दिवसापासून हेडसर दार लावून बसायचे बंद झाले.

हे ऐकून त्या फार प्रेमळ असतील असं कोणाला वाटेल, तर तसं नव्हतं. मुलांचं गबाळं काम त्या भिरकावून द्यायच्या. बचत गटाच्या बायकांनी प्लास्टिकबंदीसाठी कापडी पिशव्या शिवल्या, तर त्यांच्यासमोरच शिवण ताणून उसवून दाखवली. "चांगल्या कामासाठी अशी पिशवी शिवाल, त लोक कामालेच शिव्या देतील." त्या बायका वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मॅडम आल्या आणि जेवायच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेप लावली. मला विचारलं, "याची उंची कोनं ठरोली?" मी म्हटलं, ह्यांनी. मग त्या बाहेर गेल्या आणि पाहुण्यांच्या देखत माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "एक दिवस तुमीच या ओट्यावर पोळ्या लाटा. सगळ्या पाहुन्यांच्या." नवऱ्यानं पुन्हा त्यांचं नाव घरात काढू दिलं नाही. ओटा तेवढाच उंच आहे अजून.

आता पाण्याचं सांगते. आमचा पट्टा खारपाणाचा. बोअरला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. ते पिऊन पिऊन किडनी जाते, हे आमच्याकडं पुस्तकातून शिकावं लागत नाही; प्रत्येक आळीत असं एक घर असतं. गोड पाण्याची विहीर नाल्यापलीकडं एकच. नळयोजनेची टाकी बांधून झाली, तिच्यावर रंगीत अक्षरांत नाव लिहून झालं, पाणी आलं नाही. ज्यांना परवडतं ते पाण्याच्या कॅन विकत घेतात. बाकी घरांचं पाणी डोक्यावर येतं, आणि ते डोकं कोणाचं असतं हे सांगायला नको. माझ्या वर्गातल्या मुली पहिल्या तासाला ओल्या केसांनी यायच्या. अंघोळीनं ओले नव्हेत. हिंदकळलेल्या पाण्यानं.

तर एका कंपनीच्या मदतीनं आमच्या संस्थेनं गावाला ड्रम वाटायचं ठरवलं. आडवा ड्रम, त्याला दांडी, पाणी भरून चाकासारखा लोटत न्यायचा. विज्ञानाच्या सरांनी तो स्टाफरूममध्ये आणून दाखवला. ड्रम गुलाबी रंगाचा होता.

"गुलाबी काऊन?" मॅडमनी विचारलं.

"महिलांसाठी आहे ना, मॅडम."

"महिलांसाठी काऊन?"

सर हसले. "पाणी महिलाच आणतात."

"थेच इचारून राह्यलो. काऊन?"

सरांनी हेडसरांकडं पाहिलं. हेडसर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कशातच चांगलं दिसत नाही. बायकांचे कष्ट कमी होतात."

"हाव. म्हंजे आता थे काम बायकांचंच हाय, हे पक्कं झालं. आधी निदान लाज त वाटत होती. आता दांडी लावून देली, रंग लावून देला." त्या उठून ड्रमजवळ गेल्या, झाकण फिरवून पाहिलं. "अन् झाकन गळते."

वाटपाच्या कार्यक्रमात पाहुण्यांना द्यायला काहीतरी हातानं केलेलं हवं होतं. हेडसरांना वाटलं, मॅडमना कामाला लावलं की त्या शांत होतील. मॅडम लगेच तयार झाल्या. पाहुण्यांना बिनबाह्यांची जॅकेटं शिवून देते म्हणाल्या. हेडसर खूश झाले.

माप घ्यायला त्या मला सोबत घेऊन गेल्या. संस्थेचे अध्यक्ष झाले, मग सरपंचसाहेब. इथं एक सांगायला हवं. आमच्या गावच्या खऱ्या सरपंच ताई होत्या. पद महिलांसाठी राखीव होतं. पण सरपंचसाहेब म्हणून सगळीकडं त्यांचे यजमानच बसायचे. खुर्ची त्यांची, शिक्का त्यांच्या खिशात, फोटो त्यांचे. ताईंची फक्त सही.

मॅडमनी साहेबांचे खांदे मोजले, छाती मोजली, कमरेपासून मानेपर्यंत पाठ मोजली. मग पिशवीतून एक मऊ तार काढली आणि पाठीवरून दाबत दाबत तिचा बाक घेतला.

"जॅकेटले एवढं लागते का, मॅडम?" साहेबांनी विचारलं.

"पाठीले बसलं पायजे," मॅडम म्हणाल्या.

ताई चहा घेऊन आल्या होत्या. त्या दाराशी उभ्या राहून ती तार बघत होत्या.

पुढचा महिनाभर मॅडम शाळा सुटली की खामगावला जायच्या, एका पत्र्याचं काम करणाऱ्याकडं. काय चाललंय ते त्यांनी मलाही सांगितलं नाही. मी पहिल्यांदा पाहिलं ते कार्यक्रमाच्या सकाळी.

ते हंडे होते. स्टीलचे, चपटे, पाठीवर घ्यायचे. आतली बाजू माणसाच्या पाठीसारखी वळवलेली, ज्याच्या त्याच्या पाठीसारखी. जाड कॅनव्हासचे पट्टे, खांद्याशी आत कापूस भरून शिवलेले, टाका एकसारखा. पाणी हिंदकळू नये म्हणून आत एक आडवा पत्रा. मी कारागिरीतली फार जाणकार नाही, पण त्या वस्तूवरून हात फिरवल्यावर तो काढावासा वाटत नव्हता. लोकांनी नंतर त्याला चेष्टा म्हटलं. चेष्टा असती तर पत्र्याचा डबा आणि सुतळी पुरली असती, लोक हसले असते आणि विसरले असते. हा हंडा विसरता येत नव्हता, कारण तो बसत होता.

मांडव भरला होता. स्टेजवर पाहुण्यांसमोर पाण्याच्या सीलबंद बाटल्या होत्या. गुलाबी ड्रम ओळीनं मांडलेले. बायका मागच्या बाजूला सतरंजीवर, त्यांच्यात सरपंचताईही. भाषणं झाली. अध्यक्षांनी मातृशक्ती हा शब्द इतक्या वेळा वापरला की माझ्या शेजारची शिक्षिका तोंडाला पदर लावून बसली. मग भेटवस्तू. चकचकीत कागदाचं पुडकं उघडून साहेबांनी हंडा बाहेर काढला.

"हे काय हो?"

"तुमच्या मापाचा हाय," मॅडम माइकवर म्हणाल्या. "घालून पाहा."

फोटोवाला पुढं सरकला. कॅमेरा पाहिला की साहेबांना नाही म्हणता यायचं नाही. त्यांनी हंडा पाठीवर घेतला, मॅडमनी मागून बक्कल लावलं. हंडा पाठीला असा बसला की साहेब आपोआप ताठ उभे राहिले. टाळ्या पडल्या. मग ड्रमच्या प्रात्यक्षिकासाठी भरून ठेवलेल्या बादल्यांमधलं पाणी मॅडमनी हंड्यात ओतलं. साहेब हसत होते. दुसरी बादली ओतली तेव्हा हसणं कमी झालं.

"बस, मॅडम. काढा आता."

"मी भरून देनारी हाव," मॅडम म्हणाल्या. "उतरवाले घरचं मानूस लागते."

साहेबांनी हात मागं नेला. बक्कल हाताला येईना. ते मुद्दाम दोन खांद्यांच्या मधोमध लावलेलं होतं. भरलेला हंडा डोक्यावरून एकटीला उतरवता येत नाही, सासू नाहीतर शेजारीण लागते, आणि कोणी नसेल तर बाई दारात तशीच उभी राहते. मॅडमनी तेवढंच त्या पट्ट्यात शिवलं होतं.

साहेबांनी अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्ष स्वतःचं पुडकं मांडीवर धरून बसले होते, न उघडता. हेडसर माइकची वायर बघत होते. एकही पुरुष उठला नाही. मला आजही त्याचाच राग येतो. हंडा नको म्हणून कोणी उठला नाही, अन्याय आहे म्हणून कोणी उठला नाही, आणि आपल्याच माणसाच्या पाठीवरचं ओझं उतरवायला, तेवढ्यालाही कोणी उठला नाही. ते बायकांचं काम होतं ना.

मग मागून सरपंचताई उठल्या. बायकांमधून वाट काढत स्टेजवर आल्या. गावच्या सरपंच त्या, पण स्टेजवर मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. त्या साहेबांच्या मागं गेल्या, बक्कलला हात लावला आणि थांबल्या.

"काढ ना," साहेब हळूच म्हणाले.

"दम धरा जरासा," ताई म्हणाल्या. माइक जवळ होता, मांडवभर ऐकू गेलं. "मी बी थांबतो रोज, कोनी येईपर्यंत."

आणि त्या थांबल्या. फार वेळ नाही. पण तेवढ्या वेळात सतरंजीवर एक म्हातारी हसायला लागली, मग तिच्या शेजारची, मग सगळ्याच. ताई हसल्या नाहीत. त्यांनी बक्कल सोडलं, भरलेला हंडा उतरवून खाली ठेवला आणि आल्या वाटेनं परत जाऊन बसल्या.

संस्थेनं मॅडमची चौकशी लावली. मान्यवरांचा अपमान. विज्ञानाच्या सरांनी लेखी दिलं की मॅडमचं डोकं ठिकाणावर नसतं. मला बोलावलं तेव्हा मी म्हटलं की मी पाहिलेल्या वस्तूंपैकी ती सगळ्यात चांगली केलेली वस्तू आहे. अध्यक्ष म्हणाले, "तो प्रश्नच नाही." मॅडम शेजारीच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "थोच प्रश्न हाय. साहेबाइले पट्टा कुठं टोचला का?"

"टोचला नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मंग अपमान कुठं झाला?"

त्यांची बदली झाली. संस्थेची दुसरी शाळा लोणारकडं होती, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तिकडं धाडलं. ड्रम वाटले गेले, पेपरात फोटो आले. पहिल्या पावसात काळी माती त्या ड्रमांना अशी चिकटली की ते लोटताच येईनात. आज गावात फिरलात तर त्यांत कोंबड्या झाकलेल्या दिसतील. गुलाबी रंग उडालाय. कंपनीच्या माणसानं विचारलं नाही, संस्थेनं सांगितलं नाही.

मॅडम गेल्या त्या दिवशी मी त्यांना वरवट बकालच्या स्टँडवर सोडायला गेले. तिथं सरपंचताई आणि गावातल्या आणखी काही बायका आधीच येऊन उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात गाठी मारलेली सुतळी. मुलाचे खांदे, मुलाची पाठ. एकीनं तर होणाऱ्या जावयाचं माप आणलं होतं, लग्नाआधी द्यायचं म्हणून.

मला वाटलं, मॅडम आता तरी विरघळतील. त्यांनी एक सुतळी हातात घेतली, ताणून पाहिली आणि म्हणाल्या, "वली सुतळी आटते. माप खोटं येते. कोरडी आना." गाडी लागली होती. बायका तिथंच कोरड्या म्हणून पिशव्यांच्या नाड्या सोडायला लागल्या, अंदाजानं हातवारे करायला लागल्या. मॅडम चिडचिड करत सगळं लिहून घेत होत्या. कंडक्टर ओरडत होता.

मग त्या लोणारहून हंडे पाठवू लागल्या. पत्र्याचं काम मेहकरला करून घ्यायच्या, पट्टे स्वतः शिवायच्या, एसटीनं पाठवायच्या. मी स्टँडवरून उतरवून घरोघर द्यायची. आणि घरोघर ते भिंतीला टांगले गेले. पुरुषांनी त्याला नाव दिलं, खोगीर. आम्ही काय गाढवं आहोत का, म्हणाले. मी एका घरात विचारलं, मग तुमची बायको काय आहे? त्या माणसानं मला पाणी दिलं आणि विषय बदलला. पाणी तिनंच आणलेलं होतं. कुठं हंड्यात तूर भरून ठेवली, कुठं बक्कल काढून बैलाच्या पट्ट्याला लावलं. मी हे मॅडमना फोनवर सांगायची तेव्हा त्या फक्त विचारायच्या, "शिवन उसवली का कुठं?"

मध्यंतरी पुण्याहून दोघं जण त्यांच्याकडं लोणारला गेले होते. कुठल्याशा प्रदर्शनात हंडा मांडायचा होता. त्यांनी मॅडमचं फार कौतुक केलं, तुमची भाषा किती गोड आहे असंही म्हणाले. मॅडमनी विचारलं, "भरून ठेवनार का रिकामा?"

"रिकामाच. काचेत."

"मंग नाही," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना पुन्हा तितक्याच तापल्या. "काचेत पाह्यतील, वा वा करतील, अन् घरी जाऊन बायकोले म्हनतील, पानी दे."

आता त्या निवृत्त झाल्यात. लोणारलाच भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. गुडघे गेलेत, शिवण सुरू आहे.

या उन्हाळ्यात नाल्याची विहीर आटली आणि गावात टँकर सुरू झाला. एका सकाळी मी शाळेत निघाले होते. टँकरची रांग पार मारुतीच्या पारापर्यंत गेली होती. त्या रांगेत सरपंचताईंचा मुलगा उभा होता. पाठीवर हंडा. पारावर बसलेले दोघं-तिघं त्याला खोगीर खोगीर म्हणून चिडवत होते, आणि तो त्यांच्याकडं लक्ष न देता मोबाइल बघत होता.

मी जवळ गेले. म्हटलं, "कधीपासून नेतो रे?"

"झाले बरेच दिवस."

"आईनं सांगितलं?"

"नाही. हात मोकळे रायतात." त्यानं मोबाइल दाखवला. मग खांदा हलवून म्हणाला, "फकत डावा पट्टा घासते, मॅडम. वर घेतला पायजे."

मला इतका आनंद झाला की मी तिथंच उन्हात उभं राहून लोणारला फोन लावला. मॅडमनी उचलला. मी सगळं सांगितलं. तो रांगेत उभा आहे, हंडा पाठीवर आहे, कोणी सांगितलं नाही, आपणहून. सांगताना मला हसू आवरत नव्हतं.

"पट्टा कुठं घासते?" त्यांनी विचारलं.

"डाव्या खांद्याला."

"सूज हाय का?"

मी त्याला विचारलं. थोडी आहे म्हणाला.

"पोराच्या खांद्याले सूज हाय, अन् तू हसून राह्यली." मग म्हणाल्या, "रांगेत बाकी कोन हाय?"

मी रांगेकडं पाहिलं. पारापासून टँकरपर्यंत. माझ्या वर्गातल्या दोघी होत्या, दप्तरं पाठीला आणि घागरी कमरेवर.

"बायका," मी म्हटलं. "पोरी."

"सगळ्या?"

"हो."

पलीकडून फोन बंद झाला.